स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी शुश्रूषा केंद्र निवडताना...

घरातील ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश झाला, की कुटुंबाची दिनचर्याच विस्कटते. गॅस सुरू राहणे, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडणे अशा प्रसंगांनी घरचे थकून जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे.

अनेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश देतात. त्यामुळे आजार बळावल्यावर, रुग्ण अंथरुणाला खिळल्यावरही केंद्र त्याला ठेवणार का, हे प्रवेशापूर्वीच लेखी घ्यावे. औषधे, डायपर व रुग्णालयाचा खर्च शुल्कात धरला आहे का आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळते, हेही विचारावे.

एक भेट सायंकाळी, न कळवता द्यावी. या वेळी अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. तेव्हा सेवक त्यांना समजावतात, की बांधून अथवा गुंगीचे औषध देऊन गप्प करतात, ते दिसते. रात्रपाळीला किती सेवक असतात, मराठी बोलणारे कुणी आहे का, हेही पाहावे. या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी विसरते.

ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणे हा २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र, विचारपूर्वक केंद्रात ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. अट एकच, प्रवेशानंतर भेटी थांबता कामा नयेत. नाव आठवले नाही, तरी हाताचा स्पर्श रुग्णाला धीर देतो.