तोंडात तीन बोटे जातात का?

गेल्या महिन्यात आमच्या बाजारपेठेतील एक दुकानदार माझ्याकडे आले. उजवा कान दोन महिन्यांपासून ठणकत होता. घरी कानात तेल घालून झाले, कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष असल्याचे सांगितले, मग दातांच्या डॉक्टरांकडे फेरी झाली आणि तेथून त्यांना व्यायामोपचारासाठी पाठवले गेले. मी त्यांच्या कानासमोर बोट ठेवून तोंड उघडायला सांगितले. ‘कट्’ असा आवाज झाला आणि ते कळवळले. दुखणे कानाचे नव्हतेच, जबड्याच्या सांध्याचे होते.

फिजिओथेरपी म्हटली की लोकांना गुडघा, कंबर, फार तर लकवा आठवतो. जबड्यालाही सांधा असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. वाचकांनी आत्ताच दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवून तोंड उघडून मिटून पाहावे. बोटाखाली जे हलते तोच हा सांधा. तोंड थोडे उघडेपर्यंत तो बिजागरीसारखा फिरतो आणि त्यापुढे चक्क पुढच्या बाजूस सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. ती जागची हलली की आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर काही करण्याची गरज नसते. अशांना मी औषध न देता घरी पाठवतो, तेव्हा काहींना ते आवडत नाही!

दुखणे बहुतेक वेळा सांध्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या स्नायूंचे असते. गालावर हात ठेवून दात आवळा, टणक गोळा हाताला लागेल. आमच्या दुकानदारांची डावी दाढ किडलेली, म्हणून वर्षानुवर्षे सगळे चावणे उजवीकडून. त्यात मार्चअखेरचे हिशेब. वहीत डोके घातले की दात घट्ट आवळलेले, हे त्यांच्या पत्नीने सांगितले, त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. वास्तविक वरचे व खालचे दात घास चावताना आणि गिळतानाच एकमेकांना टेकावेत. एरवी ओठ मिटलेले, दात किंचित सुटे आणि जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकीशी टेकलेली, ही जबड्याच्या विश्रांतीची स्थिती होय. मी त्यांना गल्ल्यावर एक लाल ठिपका चिकटवायला सांगितले. तो दिसला की दात सोडायचे.

याशिवाय कोमट ओल्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटे गाल शेकावा. दोन-तीन आठवडे चिक्की, ऊस, कडक भाकरीचे पापुद्रे टाळावेत. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. मोबाईल खांदा आणि जबडा यांत दाबून बोलू नये. व्यायाम साधा आहे. जिभेचे टोक टाळूला लावून, ते न सुटता जेवढे तोंड उघडेल तेवढेच सावकाश उघडावे व मिटावे. असे सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखेपर्यंत ताणू नये आणि कोणाकडूनही जबडा हिसडून ‘बसवून’ घेऊ नये. आमच्या दुकानदारांना महिनाभरात बराच उतार पडला. किडकी दाढही त्यांनी काढून घेतली.

मात्र जबड्याचे प्रत्येक दुखणे इतके निरुपद्रवी नसते. चालताना वा जिना चढताना जबडा दुखून घाम फुटत असेल, तर तो हृदयविकार असू शकतो. जखमेनंतर जबडा ताठरला, तर धनुर्वाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि एक चूक माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी एक तरुण रिक्षाचालक ‘जबडा ओढल्यासारखा होतो’ म्हणून आला. मी शेक व व्यायाम सुरू केले. तीन आठवड्यांत काडीचा फरक नाही. तेव्हा कोठे मी त्याला स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची बहुधा जातात. त्याची दीडच गेली. टॉर्च लावून पाहिले तर गालाचा आतला भाग पांढुरका, हाताला दोरीसारखा ताठ. तिखट खाल्ले की आग व्हायची. शाळेपासून मावा आणि सुपारी. जे पहिल्या दिवशी विचारायचे, ते मी एकविसाव्या दिवशी विचारले.

हा विकार सुपारीमुळे होतो, त्यात तंबाखू असो वा नसो. 2012 साली आपल्या राज्यात गुटखाबंदी झाली, पण सुपारी पानपट्टीवर मिळतेच. यातील काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो, म्हणून त्याला दंत महाविद्यालयात तपासणीसाठी पाठवले. सुदैवाने तुकड्याच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. ताठरलेला भाग पूर्ववत होत नाही, तरी सुपारी सोडली आणि व्यायाम नेटाने केला तर तोंडाची उघडझाप टिकवता येते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची.

आता त्याची दोन बोटे जातात. दर काही महिन्यांनी तो तोंड दाखवून येतो. रिक्षात पुडीऐवजी बडीशेपेची डबी असते. ती तो मलाही पुढे करतो.