माळ्यावरचा खोका आणि लाखो डॉलर: बेसबॉल कार्डांविषयीचे गैरसमज

मार्च २०२५ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) पॉल स्कीन्स याचं चित्र असलेलं एक कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना विकलं गेलं. लॉस एंजेलिस भागातल्या अकरा वर्षांच्या मुलाला ते नाताळात उघडलेल्या पाकिटात मिळालं होतं. अशी बातमी आल्यावर अमेरिकेत घरोघरी माळ्यावरचे कार्डांचे जुने खोके खाली उतरतात आणि पदरी बहुधा निराशा पडते. ती टाळायची असेल, तर हे चार गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: कार्ड जितकं जुनं, तितकं महाग.
वस्तुस्थिती: भाव वयाला नाही, दुर्मीळपणाला मिळतो. कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं, मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. त्या मालिकेतली कार्डं मुलांनी खेळून झिजवली. न खपलेला साठा १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात टाकून दिल्याचं टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलं होतं. याउलट १९८०च्या दशकाच्या अखेरीला कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापली आणि लोकांनी ती गुंतवणूक म्हणून जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, म्हणून आज त्यातली बहुतेक कवडीमोल आहेत.

गैरसमज २: ग्रेडिंग झालं, म्हणजे शंकेला जागा नाही.
वस्तुस्थिती: पीएसएसारख्या संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यभागी छापलंय का, हे तपासून १० पैकी श्रेणी देतात. नऊ आणि दहा यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. पण ही तपासणी माणसंच करतात. पीएसएनं श्रेणी दिलेलं अगदी पहिलं कार्ड होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं होतं. त्याच्या कडा श्रेणी मिळण्याआधीच आपण कापल्याची कबुली एका लिलावदारानं २०१३ मध्ये दिली.

गैरसमज ३: पैसा फक्त जुन्या कार्डांत.
वस्तुस्थिती: नव्या कार्डांत दुर्मीळपणा मुद्दाम घडवला जातो: अनुक्रमांक, स्वाक्षरी, जर्सीचा तुकडा. २०२३ पासून मेजर लीग या अव्वल बेसबॉल स्पर्धेतला नवा खेळाडू पहिल्या सामन्यात बाहीवर खास पट्टी लावतो. सामन्यानंतर ती काढून एकाच कार्डात बसवतात. स्कीन्सचं कार्ड याच प्रकारचं. मात्र असं एक कार्ड निघतं, तेव्हा बाकीच्या असंख्य पाकिटांत साधीच कार्डं असतात.

गैरसमज ४: भाव चढतच राहतो.
वस्तुस्थिती: कोविडकाळात इतकी झुंबड उडाली की २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. पुढे अनेक नव्या कार्डांचे भाव कोसळले. खेळाडूची एक दुखापतही पुरते. म्हणून विक्रेता काय मागतो ते पाहू नका, तसंच कार्ड नुकतंच प्रत्यक्षात किती डॉलरना विकलं गेलं, ते पाहा.

मँटलचं कार्ड मौल्यवान झालं, कारण बाकीच्या मुलांनी आपापली कार्डं मनसोक्त हाताळली. उद्याच्या भावासाठी कपाटात कोंडलेल्या पाकिटांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. तेव्हा आवडत्या खेळाडूचं कार्ड जरूर घ्या. पाकीट मुलांच्या हातात द्या, त्यांनाच उघडू द्या.