सॉफ्टवेअर कंपनीचा बाँड मोडला तर दोन लाख भरावेच लागतात का?

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फेऱ्या पार पडतात, ऑफर लेटर येतं आणि सोबत आणखी एक कागद येतो: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरीन. हातची नोकरी जाईल या भीतीनं सही होते. वर्षभरानं दुसरीकडून चांगली ऑफर आली की हा कागद आठवतो.

बाँड आहे म्हणून कुणाला जबरदस्तीनं कामावर ठेवता येत नाही. राजीनामा देता येतोच, वाद उरतो तो पैशांचा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेत 'वाजवी' भरपाई ठरवतं. म्हणजे कंपनीनं प्रशिक्षणावर खरंच खर्च केला का, हे महत्त्वाचं. तीन महिने निवासी प्रशिक्षण देणं आणि आठवडाभर व्हिडिओ पाहायला लावणं, यात फरक आहेच.

'कलम 27 मुळे सगळे बाँड बेकायदा' असे मेसेज फिरतात, ते अर्धसत्य आहे. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाऊ नका, अशी अट या कलमामुळे टिकत नाही. नोकरीत असतानाच्या अटींचं तसं नाही. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेचा बाँड वैध ठरवला. किमान तीन वर्षं सेवा, नाहीतर दोन लाख रुपये, अशी ती अट होती. मात्र सरकारी बँकेला जागा भरण्यासाठी पुन्हा खुली, खर्चिक भरतीप्रक्रिया राबवावी लागते, हा त्यात मोठा मुद्दा होता. खासगी आयटी कंपनीला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

प्रत्यक्षात अडचण होते ती रिलीव्हिंग लेटरची. नवी कंपनी ते मागते आणि जुनी कंपनी बाँडकडे बोट दाखवून अडवून धरते. जुनी नोकरी लपवणं हा उपाय नाही, पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या नोंदीत ती दिसतेच. त्यामुळे राजीनामा ईमेलनं द्यावा, नोटीस पीरियड पूर्ण करावा (तो बाँडपेक्षा वेगळा असतो) आणि पैशांची मागणी झाल्यास प्रशिक्षणखर्चाचा हिशेब लेखी मागावा. मूळ गुणपत्रिका मात्र रुजू होतानाही कंपनीच्या ताब्यात देऊ नयेत. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि झेरॉक्स द्यावी.