चार हजार आठशे किलोमीटर आणि खालाचा डोळा

२०१५ चा रमजान ऐन जूनमध्ये आला होता. पहिला रोजा १९ जूनचा. सहेरी साडेचारच्या आत उरकायची आणि इफ्तारला संध्याकाळचे सव्वासात उलटायचे. तरावीहहून परतल्यावर माझा पुतण्या मोबाइल घेऊन ओट्यावर बसायचा आणि मला सांगायचा, "चाचा, आपले डॉक्टर आता डोंगरात आहेत."

'आपले डॉक्टर' म्हणजे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. 'रेस अक्रॉस अमेरिका' या सायकल शर्यतीत ते उतरले होते. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून, म्हणजे पश्चिमेच्या समुद्रापासून निघायचे आणि मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला, पूर्वेच्या किनाऱ्यावर पोहोचायचे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. मधे वाळवंट, रॉकी पर्वत आणि पुढे संपता न संपणारी सपाट मैदाने. दोघांच्या संघाला मुदत ९ दिवसांची. एकाने सायकल हाणायची, दुसऱ्याने मागच्या गाडीत अंग टाकायचे, मग पाळी बदलायची. रात्रंदिवस हेच. नाशिकहून सुरगाणा नव्वदेक किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन सव्वीस-सत्तावीस खेपा होतील, त्याही सलग.

महाजनबंधूंनी ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. त्याआधी बंगळुरूच्या समीम रिझवी यांनी एकट्याने हे धाडस केले होते, पण ठरल्या मुदतीत ते जमले नाही. शर्यत पुरी करणारा भारताचा पहिला संघ नाशिकचा ठरला. पुढे २०१७ मध्ये एकट्याने ती पार करणारे पहिले भारतीय लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हेही तेव्हा नाशिकलाच नेमणुकीवर होते. तेही पेशाने डॉक्टर, आणि तोही महिना रमजानचाच होता.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. महाजनबंधूंच्या संघाचे नाव होते 'व्हिजन फॉर ट्रायबल्स'. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांकडे लोकांचे लक्ष जावे आणि त्यासाठी मदत उभी राहावी, हा त्या सायकलींमागचा हेतू होता. विक्रम सर्वांच्या लक्षात राहिला, डोळे मात्र थोड्यांच्याच.

आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. डोळ्यातले भिंग वयाबरोबर गढूळ होत जाते. मधुमेह असेल तर लवकर. कोणत्याही थेंबांनी ते पुन्हा स्वच्छ होत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवायचे, एवढाच उपाय. सगळे सुरळीत असले तर कामाला अर्धा तासही पुरतो आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. यासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची म्हातारी चुलीपाशी चाचपडत बसते. तिला दवाखान्यात नेणाऱ्याची मजुरी बुडते, एसटी गाठायला तंगडतोड करावी लागते आणि भाताची लावणी कुणासाठी थांबत नाही. शिवाय डोळ्याला सुई म्हटले की जीव घाबरतो.

हे पाड्यावरचेच आहे असे समजू नका. आमच्या जुन्या नाशकात दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तरी माझ्या खालाने दोन वर्षे काढली. "अजून पिकला नाही" हे पहिले कारण. हा जुन्या काळचा समज. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. मग "थंडीत करू", कारण उन्हाळ्यात जखम चिघळते म्हणे. त्यालाही आता अर्थ उरलेला नाही. थंडी आली तेव्हा नातीचे लग्न निघाले. आणि मग रमजान.

रमजानचे कारण काढले की घरात कुणी वाद घालत नाही. वास्तविक डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. आजारी माणसाला तर रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआननेच दिली आहे. खालाला खरी चिंता सजद्याची. ऑपरेशननंतर काही दिवस डोके खाली वाकवायचे नाही असे डॉक्टर सांगतात. तेवढे दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढता येते, हे तिला आमच्या इमामसाहेबांनी समजावले. माझे तिने ऐकले नव्हते.

परवा ती कुरआन पढत बसली होती. पान उलटायची, बोट ओळीवरून सरकवायची. मी जवळ जाऊन पाहिले तर बोट एका ओळीवर आणि ओठांवर भलतीच आयत. पाठ आहे म्हणून पढते आहे. मी हे बोललो तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "अक्षरे कधीचीच दिसत नाहीत रे. तुम्हाला कळू दिले नाही."

डॉक्टरांनी ईदनंतरच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पुतण्या आता मोठा झालाय, त्या दिवशी रिक्षा तोच काढणार आहे.