बोगद्याची दोन तोंडे

१९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या संगणकजाळ्यावरून जाणारे पासवर्ड कुणीतरी वाटेतच टिपून घेत असल्याचे उघडकीला आले. टेलनेट, एफटीपी यांसारख्या तेव्हाच्या साधनांतून पासवर्ड उघडाच जात असे. पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेत कुणालाही वाचता यावा, तसा. त्यावर उपाय म्हणून तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’, म्हणजेच एसएसएच, ही प्रणाली लिहिली. आज दूरच्या महासंगणकावरील फाइल अभ्यासकाच्या टेबलावर येते ती बहुधा याच वाटेने.

महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारखी यंत्रणा हा अनेक संगणकांचा समूह, म्हणजे क्लस्टर असतो. अशा समूहात गणिते करणारे संगणक आत राहतात आणि बाहेरच्याला प्रवेश मिळतो तो वाड्याच्या देवडीसारख्या एका ‘लॉगिन’ संगणकावर. काही संस्था ही देवडीही थेट बाहेर उघडत नाहीत. आधी एका मधल्या संगणकावर जावे लागते. बोगदा लागतो तो इथे. मधला संगणक आपल्याकडून आलेली माहिती पुढे सरकवतो, पण तिचे कुलूप उघडण्याची किल्ली त्याच्याकडे नसते. ती किल्ली दोन टोकांचे संगणक प्रत्येक भेटीत नव्याने ठरवतात, तीही प्रत्यक्ष न पाठवता. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या गणिती युक्तीमुळे हे साधते.

बोगदा तयार झाला की फाइल आणण्यासाठी ‘एससीपी’ पुरेसे असते. फाइली मोठ्या किंवा वारंवार बदलणाऱ्या असतील, तर १९९६ मध्ये ट्रिजेल आणि मॅकरस यांनी प्रसिद्ध केलेले ‘आरसिंक’ सोयीचे. दोन्हीकडच्या प्रती ताडून ते फक्त बदललेला भाग आणते. तशी सूचना दिलेली असेल, तर जोडणी तुटल्यावर आधी आलेला भागही वाया जात नाही.

मे २०२० मध्ये मात्र एडिनबरा विद्यापीठातील ‘आर्चर’ आणि जर्मनीतील काही महासंगणक घुसखोरीमुळे बंद ठेवावे लागले. करोनावरील संशोधनाला गणनशक्तीची निकड असतानाचे ते दिवस होते. एसएसएचचे गणित कुणी फोडले नव्हते. वापरकर्त्यांची चोरलेली ओळखपत्रे घेऊन घुसखोर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात सरळ दारातून शिरले होते. ‘आर्चर’च्या सर्व वापरकर्त्यांना नवे पासवर्ड आणि नव्या किल्ल्या घ्याव्या लागल्या.

बोगदा वाटेचे रक्षण करतो, तोंडांचे नाही. म्हणून खासगी किल्ली परवलीच्या वाक्याने बंद ठेवावी आणि सामायिक संगणकावर तिची प्रत ठेवू नये. पहिल्या जोडणीच्या वेळी पलीकडचा संगणक आपल्या ओळखीचा ठसा दाखवतो आणि ‘पुढे जायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. संस्थेने कळवलेल्या ठशाशी तो ताडून न पाहता बहुतेक जण ‘होय’ लिहून मोकळे होतात. पलीकडे भलताच संगणक असेल, तर त्यानंतरचा सगळा बोगदा त्याच्याच दारात उघडतो.