छोटा सोबती निवडताना

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचा म्हटले, की लहान चणीच्या जातींचा विचार प्रथम होतो. तो योग्यच आहे. मात्र कुत्रा लहान म्हणजे जबाबदारीही लहान, हा समज चुकीचा ठरतो. या जातींचे कुत्रे साधारणतः १२ ते १५ वर्षे जगतात. पहिलीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार, हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्यावा.

पग : २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग झळकला आणि घरोघरी त्याला मागणी आली. सहा ते आठ किलो वजनाचा हा कुत्रा खेळकर आणि माणसांच्या सहवासात रमणारा. परंतु कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड राखतो. पगचे नाक आखूड आणि श्वसनमार्ग अरुंद असल्याने नेमके हेच त्याला कठीण जाते. मुंबईची दमट हवा असो वा नागपूरचा मे महिना, भर दुपारचा फेरफटका त्याच्या जिवावर बेतू शकतो. शिह त्झूचे नाकही आखूडच; शिवाय त्याचे लांब केस नियमित विंचरावे लागतात.

डॅशहाउंड : जर्मनीत बिळातील बॅजरच्या शिकारीसाठी ही आखूड पायांची, लांब पाठीची जात विकसित झाली. धीट आणि सावध असा हा कुत्रा मोठ्याने भुंकतो. त्याच्या मणक्यातील चकती सरकण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे सोफ्यावरून उड्या आणि जिन्याची सततची चढउतार टाळावी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्याला उचलून न्यावे लागेल.

स्पिट्झ : आपल्याकडे 'पॉमेरेनियन' म्हणून ओळखला जाणारा पांढराशुभ्र कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. नाक लांबट असल्याने उन्हाळा तो पगपेक्षा बरा सोसतो. मात्र त्याचे केस सतत गळतात आणि दाराशी चाहूल लागली, की तो भुंकतोच. शेजाऱ्यांचा विचार आधी करावा.

पिल्लू घेताना त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. आईपासून लवकर तोडलेली पिल्ले आजारी पडतात आणि भित्री होतात. पशुवैद्यांच्या सल्ल्याने रेबीजसह सर्व लसी वेळेवर टोचून घ्याव्यात आणि महापालिकेचा परवाना काढावा.

दिवसभर घराला कुलूप असेल, तर कोणतीही जात योग्य नाही. एकटेपणाने कंटाळलेला कुत्रा भुंकतो, वस्तू कुरतडतो आणि मग 'वाईट सवयीचा' ठरून रस्त्यावर सोडला जातो. घरात वाढलेल्या अशा कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि इतर कुत्र्यांपुढे त्याचा टिकावही लागत नाही. म्हणूनच पिल्लाचे रूप पाहण्याआधी आपल्या घराचे वेळापत्रक पाहावे. वेळ मोजकाच असेल, तर प्राणीसेवी संस्थेतील वाढलेला कुत्रा दत्तक घेण्याचा पर्यायही उत्तम. त्याचा आकार आणि स्वभाव आधीच कळलेला असतो आणि त्यालाही घर मिळते.