जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : स्थापना व दोषनिवारण

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या बागांच्या या सीमावर्ती भागात अनेक घरांतून मराठी बोलली जाते, तर शासकीय पत्रव्यवहार हिंदीत चालतो. जमिनीचा खसरा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे आता संगणकाविना होत नाहीत. बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस राज्य शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपयांचे साहाय्य देते. अशा रीतीने घरी आलेली यंत्रे कालांतराने जुनी होतात आणि कपाटात पडून राहतात.

या प्रश्नास अलीकडे निकड आली आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व नवा प्रोसेसर लागतो. सन २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे या कसोटीस उतरत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे होय.

लिनक्स म्हणजे काय ?

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी सन १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. ती कोणासही विनामूल्य वापरता येते, तिच्या प्रती काढून वाटणेही कायदेशीर आहे. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली. केरळ राज्यातील शाळांत संगणकशिक्षण लिनक्सवरच दिले जाते. जुन्या यंत्रास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू सोयीची पडते. मिंटसाठी किमान २ जीबी स्मृती आवश्यक असून ४ जीबी असल्यास काम सुकर होते.

पूर्वतयारी व स्थापना

सर्वप्रथम छायाचित्रे, दाखले व इतर कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ती तेथे उघडतात याची खात्री करावी. ही पायरी वगळल्यास झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. यंत्र ६४ बिटचे आहे काय, हेही पाहावे. डेबियनने आपल्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या संगणकांसाठी स्थापना-संच देणे बंद केले आहे.

त्यानंतर अधिकृत संकेतस्थळावरून संच उतरवून तो रुफस किंवा बलेना एचर या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावा. यंत्र सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी कंपनीने ठरविलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. लिनक्स डिस्कवर न बसवताही चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, कळफलक व मुद्रक यांची तपासणी याच अवस्थेत करावी. समाधान झाल्यावरच स्थापना करावी. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय जुने सर्व काही नष्ट करतो, हे ध्यानी ठेवावे. स्थापना चालू असता वीज गेल्यास काम अर्धवट राहते. म्हणून बॅटरी भरलेली असावी.

नेहमीचे दोष व उपाय

वाय-फाय दिसत नसल्यास मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून योग्य ड्रायव्हर बसवावा. पडदा काळाच राहिल्यास आरंभीच्या यादीतील ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडून पाहावा. वेळ व तारीख वारंवार चुकत असल्यास सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. हा दोष बहुधा आतील नाण्याएवढ्या सेलचा असतो व तो बदलल्यास दूर होतो. यंत्र फारच मंद असेल तर जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. तेवढ्यानेच मोठा फरक पडतो.

देवनागरी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडावा. मराठी व हिंदी या दोहोंसाठी त्याची मांडणी मूलतः एकच असल्याने कार्यालयात हिंदी टंकणाऱ्यास मराठी वेगळी शिकावी लागत नाही. शिफ्टसह ‘ल’ची कळ दाबली की ‘ळ’ उमटतो. कृतिदेव टंकातील जुनी पत्रे मात्र तो टंक बसविल्याखेरीज निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. नवीन लेखन युनिकोडमध्येच करावे.

मर्यादा

डिजिटल स्वाक्षरीची काही उपकरणे, काही जुने लेझर मुद्रक व केवळ विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम लिनक्सवर चालतीलच असे नाही. यास्तव पंचायत वा शाळेतील एकमेव संगणक एकाएकी बदलू नये. प्रथम एका जुन्या यंत्रावर प्रयोग करावा. शासकीय यंत्राबाबत वरिष्ठांची अनुमती घेणेही आवश्यक आहे.

नव्या लॅपटॉपचा खर्च प्रत्येक कुटुंबास झेपतोच असे नाही. एक पेनड्राइव्ह व एका दुपारचा वेळ एवढ्या साधनांवर जुने यंत्र पुन्हा कामास येऊ शकते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे काम आपल्या देखरेखीखाली करवून घेतल्यास यंत्राची दुरुस्ती आणि संगणकाचे शिक्षण ही दोन्ही कार्ये एकाच वेळी साधतील.